विमानतळ आणि बहुसांस्कृतिक शिक्षण : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नवी मुंबईतील पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले काही दिवस एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा, की विमानतळ सुरू झाल्यामुळे शहरात परदेशी पर्यटकांची रीघ लागेल, त्यांच्या सहवासात मुलांना बहुसांस्कृतिक शिक्षण, म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांना समजून घेण्याचे शिक्षण, आपसूक मिळेल, त्यामुळे शाळांनी त्यासाठी वेगळे तास घेण्याचे कारण उरणार नाही, आणि ज्यांना अधिक हवे त्यांनी मुलांना वर्षाकाठी एका परदेशी सहलीला पाठवावे. मी नेरुळमध्ये सातवी-आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. पालकसभेत हाच संदेश मला वाचून दाखवण्यात आला, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पर्यटकांच्या रिघेचे. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तीही देशांतर्गत उड्डाणांनी. पुढे परदेशी उड्डाणे कितीही वाढली, तरी विमानातून उतरणारा प्रत्येक माणूस पर्यटक नसतो, आणि पर्यटक म्हणून मोजला गेलेला प्रत्येक जण अनोळखी संस्कृतीतून आलेला नसतो. देशातील परदेशी पर्यटकांचा आकडा इमिग्रेशनच्या नोंदींवरून, म्हणजे पासपोर्ट पाहून ठरतो. त्यात व्यवसायासाठी आलेले असतात, उपचारांसाठी आलेले असतात आणि नातेवाइकांना भेटायला आलेले भारतीय वंशाचे लोकही असतात. न्यू जर्सीहून दिवाळीसाठी सानपाड्याला आलेली, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली आत्या सरकारी हिशेबात परदेशी पर्यटकच असते. राज्यांचे आकडे तर आणखी वेगळ्या रीतीने, प्रामुख्याने हॉटेलांतील मुक्कामांवरून तयार होतात. एकच प्रवासी मुंबई, आग्रा आणि जयपूर येथे राहिला, तर तो तीन राज्यांत तीनदा मोजला जातो. २०१९ मध्ये देशात सुमारे १.०९ कोटी परदेशी पर्यटक आले, पण राज्यांतील परदेशी भेटींची बेरीज ३ कोटींच्या वर गेली, ती याच कारणाने. २०२३ मध्ये आगमनांची संख्या सुमारे ९५ लाख होती, म्हणजे कोविडपूर्व पातळीच्या खालीच. राज्याच्या भेटींचा मोठा आकडा दाखवून आपल्या मुलांना परदेशी सहवास मिळेल असे म्हणणे, हे त्या आकड्याकडून भलतेच काम करून घेणे आहे.

येणारे कोण असतात, याबद्दलही संदेशात गैरसमज आहे. संदेशासोबतच्या छायाचित्रात सोनेरी केसांचे एक जोडपे दिसते. प्रत्यक्षात भारतात येणाऱ्यांत २०२४ पर्यंत अनेक वर्षे बांगलादेश आणि अमेरिका हे दोन देश आघाडीवर राहिले आहेत, आणि आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक नेपाळचे आहेत. गेल्या वर्षी मी वर्गाला ‘परदेशी माणूस’ काढायला सांगितला, तेव्हा जवळपास प्रत्येक वहीत गोरा माणूस आणि त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे वडील जवळच्या इमारतीत रखवालदार आहेत आणि तो दर उन्हाळ्यात पश्चिम नेपाळातील आपल्या गावी जातो. त्यानेही तसेच चित्र काढले होते. ती वही मी बराच वेळ हातात धरून उभी होते.

सहवासातून शिक्षण आपसूक मिळते, हे विधान सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात काही अंशी तथ्य आहे. सहवासाने पूर्वग्रह कमी होतात, हे खरे आहे. पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ५०० हून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून तसाच निष्कर्ष काढला. पण मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच त्यासाठी चार अटी सांगितल्या होत्या : दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एकच असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य लागावे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. या अटी पाळल्या जातात तिथे परिणाम अधिक ठळक दिसतो, असे त्याच विश्लेषणात आढळले. पर्यटक आणि स्थानिक यांच्या भेटीत यांतले काय असते? एक जण पैसे देतो, दुसरा सेवा देतो, आणि दोन दिवसांत पहिला निघून जातो. अशी गर्दी वाढत गेल्यास स्थानिकांचा उत्साह आधी अलिप्ततेत, मग चिडीत आणि शेवटी वैरभावात बदलू शकतो, अशी मांडणी पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये केली होती. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, ते दृश्य जगाने पाहिले.

आता सहलीविषयी. आंतरराष्ट्रीय शिक्षणाची एक सुरुवात १९२४ मध्ये जिनिव्हात झाली. राष्ट्रसंघाच्या (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांची मुले तिथे एका शाळेत वर्षानुवर्षे एकत्र शिकली. याउलट, सहा दिवसांच्या मार्गदर्शित सहलीत मुले आपल्याच वर्गमित्रांबरोबर बसमध्ये असतात आणि रात्री आपलेच जेवण जेवतात.

राहिलेले विधान, शाळेच्या तासांची गरज नाही, हे मला मुळीच मान्य नाही. बहुसांस्कृतिक शिक्षणाचा विचार अमेरिकेत नागरी हक्कांच्या चळवळीतून पुढे आला. एकाच समाजात, एकाच वर्गात बसणाऱ्या वेगवेगळ्या मुलांचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता आणि पर्यटनाशी त्याचा संबंध नव्हता. ज्या शहरात वाशी स्थानकाजवळ केरळ, आसाम, ओडिशा यांची भवने उभी आहेत, बाजार समितीत साताऱ्याकडचे माथाडी आहेत आणि हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या आधीपासूनची आगरी-कोळी गावठाणे आहेत, तिथे हा प्रश्न विमानतळाची वाट पाहत थांबलेला नाही.

आम्ही आठवीच्या मुलांना बेलापूरजवळच्या दिवाळे गावातील जेट्टीवर नेले होते. त्याआधी प्रश्नावली तयार करण्यात दोन तास गेले आणि परतल्यावर नोंदी जुळवण्यात तीन. तिथे एका कोळी मावशींनी चिंबोरी (खेकडा) उलटी करून पोटाखालची रुंद झडप दाखवली आणि मादी कशी ओळखायची ते सांगितले. आमच्या ओडिया विद्यार्थ्याने ‘आमच्याकडे हिला कंकडा म्हणतात’ असे सांगताच मावशींनी त्याला विचारले, ‘तुझी आजी कशी करते रे?’ आणि पुढची दहा मिनिटे तो शिक्षक होता. मुलांना एकच काम दिले होते : जेट्टीवर पाहिलेल्या प्रत्येक जिवाचे नाव घरोघरच्या भाषांत लिहून एकच तक्ता पूर्ण करायचा. तक्त्यात नेपाळीचा रकाना मी आखलेला नव्हता. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाने तो पट्टीने स्वतः आखला आणि पहिल्या ओळीत, चिंबोरीसमोर, लिहिले, ‘गँगटो’.