चांदणीचा ट्रक आणि १५ ऑगस्ट १९४७

गेल्या पंधरा दिवसांत हा एकच फोटो मला सात जणांनी पाठवला. त्यातले दोघे आमच्याच सोसायटीतले, एक नौपाड्यातला मावसभाऊ. नाक्यावर थांबलेले तीन ट्रक, मागे तिरकी उभी एक फियाट, आणि पहिल्या ट्रकच्या मडगार्डवर पाय सोडून बसलेला क्लिनर. खालचा मजकूर असा: “१५ ऑगस्ट १९४७, ठाणे. ब्रिटिश लष्कराचे ट्रक मुंबई सोडून निघाले. पुढचा टाटा, मधला इंग्लंडचा फार्गो. नंबर बघा, बीएम म्हणजे ब्रिटिश मिलिटरी! पुढच्याचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे अमेरिकन बनावट. केबिन लाकडी, कारण युद्धामुळे लोखंड मिळत नव्हतं.”

एकच ट्रक टाटाचा, ब्रिटिशांचा आणि वर अमेरिकनसुद्धा! तरीही एकेक मुद्दा घेऊ.

आधी टाटा. पुढच्या ट्रकच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी आहे, फोटो मोठा केला की स्वच्छ दिसते. ती मर्सिडीज-बेंझची. टाटांची टेल्को (टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी) १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. तिच्या नावातला ‘लोकोमोटिव्ह’ तिथूनच आला. ट्रकसाठी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार झाला आणि १९५४ साली जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज बाहेर पडला. करार संपला १९६९ मध्ये, मग चांदणी गेली आणि टाटांचा ‘टी’ आला. म्हणजे हा ट्रक १९५४ ते १९६९ मधला. १९४७ साली रस्त्यावर टाटाचा ट्रक असणं शक्यच नव्हतं. मजकूर लिहिणाऱ्याने १९४५ हे साल कुठेतरी वाचलं असावं आणि पुढचं वाचायचा कंटाळा केला असावा.

पण ट्रकचं साल म्हणजे फोटोचं साल नव्हे. चांगला मालक एक ट्रक वीस-पंचवीस वर्षं पळवतो. म्हणून फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधायची; त्या वस्तूच्या आधी फोटो निघू शकत नाही. इथे ती वस्तू म्हणजे कोपऱ्यातली फियाट, जिच्याकडे कुणी बघतच नाही. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ आमच्या पिढीला चांगली आठवते. ही ती नाही. ही तिच्यानंतरची सरळ चेहऱ्याची, कुर्ल्याच्या प्रीमियरने १९६४ पासून ‘डिलाइट’ नावाने विकलेली अकराशे, म्हणजे फियाट ११००. पुढे हिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. तेव्हा फोटो १९६४ चा किंवा त्यानंतरचाच. स्वातंत्र्याला किमान सतरा वर्षं उलटून गेलेली.

आता केबिन. इथे मला जरा जास्त बोलू द्या, कारण माझे वडील वागळे इस्टेटमध्ये ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये सुतार होते. कंपनीतून बहुतेक ट्रक यायचा तो नुसती चासी (चाकं-इंजिनासकट खालचा सांगाडा) आणि पुढचं तोंड: बोनेट, जाळी, मडगार्ड, बस्स. ड्रायव्हर लाकडाच्या फळकुटावर बसून ती चासी चालवत आणायचा. केबिन, मागचा मालाचा हौदा, त्याचे फाळके हे सगळं इथे मिस्त्री बांधायचे, लाकडाचा सांगाडा करून वर पत्रा ठोकायचे. हे युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं चालू होतं. म्हणून लाकडी केबिनवरून ना साल कळतं ना कंपनी. एकाच शेडमध्ये बांधलेले दोन वेगळ्या कंपन्यांचे ट्रक, बेडफर्ड आणि टाटा, मागून जुळे भाऊ वाटतात. ओळखायचं तर तोंड बघा: जाळीच्या पट्ट्या आडव्या की उभ्या, दिवे मडगार्डवर की मडगार्डमध्ये, बोनेटला कोणता बिल्ला.

मधला ट्रक फार्गो आहे, हे मात्र बरोबर. पृथ्वीच्या गोलाचा बिल्ला दिसतोय. पण फार्गो इंग्लंडचा नव्हे, अमेरिकेच्या क्रायस्लरचा. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तो कुर्ल्यात बांधला. डॉज, फार्गो, डिसोटो ही तीन नावं, गाडी जवळपास एकच. बिल्ला पडला असेल तर वरवर बघून त्यांच्यात फरक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

‘बीएम’ म्हणजे ब्रिटिश मिलिटरी, हा शोध भारी आहे. मग बीवाय आणि बीएल म्हणजे काय? ही सगळी मुंबईच्या तीन अक्षरी नोंदणी मालिकांची पहिली दोन अक्षरं. फोटोत तिसरं अक्षर क्लिनरच्या लोंबत्या पायाआड गेलंय, म्हणून दोनच दिसतात. एमएच आलं १९८९ मध्ये. ठाण्याचं एमएच-०४ दिसलं की फोटो त्यानंतरचा समजायचा. आणि पाटी गाडी कुठे नोंदली ते सांगते, फोटो कुठे काढला ते नाही. त्यामुळे हा नाका ठाण्यातलाच, असं गाड्यांवरून म्हणता येत नाही.

डाव्या स्टिअरिंगचं उत्तर सोपं आहे. ट्रक आपल्याकडे तोंड करून उभा आहे. आपल्या डाव्या हाताला दिसणारा ड्रायव्हर त्याच्या केबिनमध्ये उजवीकडेच बसलाय. युद्धात आलेले अमेरिकन जीएमसी ट्रक खरोखर डाव्या स्टिअरिंगचे होते, पण त्यांच्या इंजिनाचा जोर सहाही चाकांवर असायचा आणि जाळीवर तीन टोकांची चांदणी नसायची.

खाली ओळ लिहायचीच असेल तर एवढी लिहा: “टाटा-मर्सिडीज, फार्गो आणि फियाट, १९६४ नंतर.” आणि मूळ प्रत ज्यांच्या अल्बममध्ये असेल त्यांनी कृपया ती काढून मागची बाजू बघावी. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख निघाली, तर मला तोही फोटो पाठवा, आठव्यांदा चालेल.