ओव्हरमॉरो गेला कुठे?

परवा भाची राहायला आली होती, सातवीतली. गृहपाठ करता करता विचारते, "मावशी, परवाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

"येणारा परवा की गेलेला?"

तिनं कपाळाला हात लावला. "येणारा गं."

"द डे आफ्टर टुमॉरो."

"एवढं लांबलचक? एक शब्द नाही त्यांच्याकडे?"

होता की. ओव्हरमॉरो. १५३५ च्या कव्हरडेल बायबलात छापलेला आहे. गेलेल्या परवासाठीही होता, एरयेस्टरडे. जर्मन माणूस आजही एका दमात 'युबरमॉर्गन' म्हणतो. इंग्रजांच्या हातून मात्र दोन्ही परवा सांडले. कोणी बंदी घातली नाही की भांडण झालं नाही. लोक म्हणायचे थांबले, संपलं.

भाची झोपली आणि मी यातच अडकून बसले, म्हणून ही लांबण.

शब्द कोशात आला की 'खरा' झाला, असं आपल्याकडे फार जण मानतात. २०१९ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'चडीज', म्हणजे आपली चड्डी, दाखल झाली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. जणू चड्डीला पद्मश्री! अहो, विलायतेतले आपले लोक आणि त्यांचे शेजारी तो शब्द आधीपासून वापरतच होते. कोशवाला फक्त हजेरी घेतो, वर्गात कोणी बसायचं हे त्याला कोण विचारतंय? आणि मोठ्या ऑक्सफर्डच्या हजेरीतून एकदा चढलेलं नाव काढत नाहीत. ओव्हरमॉरोही आहे तिथे, पुढे 'लुप्त' असा शेरा मारून.

हजेरीत घोटाळेही होतात. १९३४ च्या वेब्स्टर या अमेरिकन कोशात 'डॉर्ड' असा शब्द होता, अर्थ घनता. असा शब्दच नाही! घनतेची खूण म्हणून मोठा किंवा छोटा डी वापरतात, एवढंच सांगणारी 'डी ऑर डी' अशी चिठ्ठी होती. ती अक्षरं कोणीतरी एकत्र वाचली आणि शब्द जन्माला आला. पाच वर्षांनी एका संपादकाला दिसलं की याची व्युत्पत्तीच दिलेली नाही. याच्या उलट अपेंडिसायटिसचं झालं. डॉक्टरी शब्द म्हणून संपादक जेम्स मरे यांनी तो ऑक्सफर्डमधून गाळला. पुढे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक नेमका त्याच दुखण्यानं पुढे ढकलावा लागला. सगळ्या देशाच्या तोंडी एकच शब्द, आणि कोशात बघावं तर नाही.

दार अडवून बसणारेही होऊन गेले. 'गलिव्हर'वाल्या जोनाथन स्विफ्टला 'मॉब'चा, म्हणजे जमावाला म्हणतात त्या शब्दाचा, भारी राग, कारण 'मोबिले व्हल्गस' या लॅटिन शब्दांचं शेपूट छाटून तो झालेला. मॉब आणि बँटर (म्हणजे थट्टामस्करी) या दोघांना थोपवायला आपण वर्षानुवर्षं झटलो, पण समोरच्यांच्या संख्येपुढे हरलो, अशी कबुली त्यानं १७१० मध्येच दिली. दोन्ही शब्द आज ठणठणीत आहेत. नंतरच्या शतकात डॉर्सेटच्या विल्यम बार्न्सनं सुचवलं, की बाबागाडीला पेराम्ब्युलेटर हे लॅटिन कशाला, चांगलं घरचं 'पुश-वेनलिंग' म्हणा. लोकांनी काय करावं? पेराम्ब्युलेटरचंच शेपूट छाटून 'प्रॅम' केलं. स्विफ्ट असता तर त्याला झीट आली असती.

पण मला खरी चुटपुट लागते ती 'दाऊ'ची. इंग्रजीत सगळ्यांना सरसकट 'तू', मान द्यायची सोयच नाही, असं आपण ऐकत आलो. गंमत म्हणजे आहे ते नेमकं उलट. 'यू' म्हणजे तुम्ही. 'तू' होता तो दाऊ. पोराबाळांना, नोकराला आणि देवाला लावायचा. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात ओरडला, "आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!" याच्या भाषांतराला मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. 'तुला अरेतुरेच करतो, गद्दारा!' दाऊ हे तिथे चक्क क्रियापद आहे, आपल्या अरेतुरे करण्यासारखं. क्वेकर पंथाचे लोक तर तत्त्व म्हणून सगळ्यांना दाऊ म्हणायचे, अगदी न्यायाधीशालासुद्धा, आणि त्यापायी मारही खायचे. बाकीच्यांनी मात्र उगाच कोणाचा अपमान नको म्हणून जो भेटेल त्याला तुम्ही म्हणायला सुरुवात केली. त्या अतिसभ्यपणात तू उपाशी मेला. यॉर्कशरकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा अजून धुगधुगी धरून आहे. (आमच्या ऑफिसात याच्या उलट चाललंय. साहेबांना नावानं हाक आणि 'तू'. माझी जीभ अजून वळत नाही.)

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीनंही त्यांना एक शब्द दिलाय. तिथे गोऱ्या फौजेची छावणी. मुदत संपलेले शिपाई घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे. बोटी सुटायच्या हिवाळ्याच्या महिन्यांत. हंगाम हुकला की बसा. हाताला काम नाही, वर ऊन, आणि ताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागायची. त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप. पुढे टॅप गळला आणि डूलॅली उरला. आजही ब्रिटनमध्ये डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला देवळाली नकाशात दाखवता येईलच असं नाही. गाडीतून जाताना स्टेशनची ती पिवळी पाटी दिसली की मला हसू फुटतं.

टिफिनचा प्रवास उलटा. इंग्रजांच्या रांगड्या बोलीतलं 'टिफिंग', म्हणजे अवेळी घेतलेला घोट किंवा घास. जेवण या अर्थानं तिकडे तो केव्हाच मावळला, इकडे येऊन डब्यात बसला. भाचीच्या दप्तरात होताच, उरलेल्या भेंडीच्या भाजीसकट.

सकाळी तिला हे सगळं सांगितलं. मॉब, कोक, देवळाली, कशाचंही तिला कौतुक नाही. ओव्हरमॉरो मात्र आवडला. लगेच माझ्या फोनवरून मैत्रिणीला मेसेज गेला, "सी यू ओव्हरमॉरो." फोननं शब्दाखाली लाल रेघ ओढली, तिनं दुर्लक्ष केलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं, "म्हणजे?"

भाचीनं टाइप केलं, "परवा."

"परवा तर भेटलो ना आपण!"