बीजिंगला जाऊन बीजिंग कसं टाळावं

बीजिंगला जायचं नक्की झालं असेल, तर सगळ्यात आधी ऑक्टोबरचा पहिला आठवडा गाठा. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्याला जोडून देशभर आठवडाभराची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत अख्ख्या चीनला राजधानी बघायची असते. तुम्हाला मिंग घराण्याच्या काळातलं एकही छप्पर धड दिसणार नाही, डोक्यांवर उंच धरलेले मोबाइल मात्र मनसोक्त दिसतील. पुढे कुणी विचारलं तर ‘चीनमध्ये गर्दी फार’ हे तुम्ही स्वानुभवानं सांगू शकाल. ऑक्टोबर जमत नसेल तर मे महिन्याची सुरुवात आहे. तेही नाही जमलं तर निदान सोमवार तरी साधा. सोमवारी फॉर्बिडन सिटी, म्हणजे बादशहांचा राजवाडा, बंद असतो.

२०२० पासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानसेवा बंद होती. त्या काळात ‘चिनी मालावर बहिष्कार टाका’ असे संदेश आपण चिनी मोबाइलवरून घरोघरी पोचवले. तेव्हा आता जाताना जरा अवघडल्यासारखं वाटणार. त्याचाही विचार टूरवाल्यांनी केलेला असतो. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रोज रात्री भारतीय जेवण, मागेल त्याला जैन जेवण, शेवटच्या दिवशी गोडधोड. चीन तेवढा बसच्या काचेबाहेर राहतो.

मोबाइलची तयारी अजिबात करू नका. गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, फेसबुक तिथे बंद आहेत हे जगजाहीर आहे. भारतातून रोमिंग घेऊन गेलं तर बहुतेक वेळा चालतात, हेही विचारलं तर कुणीही सांगेल. विचारू नका. पहिल्या सकाळी हॉटेलच्या वायफायवर तुमचं ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल अडकलं, की रिसेप्शनवरच्या मुलीला लोकशाहीचं महत्त्व समजावून सांगा. ती भाषांतराचं अॅप उघडून फोन तुमच्यापुढे धरेल. तुम्ही आवाज वाढवा. पैशांचंही तेच. तिथे रस्त्यावर रताळी भाजून विकणारासुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेतो आणि आता परदेशी माणसालाही आपलं व्हिसा-मास्टरकार्ड अलीपेला जोडता येतं. जोडू नका. शंभर युआनची नोट पुढे करा आणि त्याच्याकडे सुट्टे नाहीत म्हटल्यावर आपल्या यूपीआयचं कौतुक त्याला मराठीतून ऐकवा.

तिआनानमेन चौकात शिरायला हल्ली आधी नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, बॅगा तपासून घ्याव्या लागतात. चौक ४४ हेक्टरांचा, सावलीची बोंब. माओचं पार्थिव ठेवलेली इमारत याच चौकात आहे. पण तिथे रांग हलती ठेवतात, थांबू देत नाहीत आणि फोटोही काढू देत नाहीत. म्हणजे जाण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा चौकाच्या मध्यभागी येऊन, सगळ्यांसमोर, गाइडला मोठ्या आवाजात १९८९ मध्ये इथे चिरडलेल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाबद्दल विचारा. तो छत्री उघडेल, हवेबद्दल बोलेल, दरवाजावरच्या माओच्या तसबिरीकडे बोट दाखवेल. ‘बघा, घाबरला!’ म्हणून शेजारच्या काकांना कोपरानं ढोसा. चार दिवसांनी तुम्ही विमानात बसाल, त्याला गाइडचं लायसन्स याच शहरात चालवायचं आहे. पण ग्रुपमध्ये तुमचं नाव होईल. एवढ्या स्वस्तात धाडस दुसरीकडे मिळत नाही.

चौकाला लागूनच जोंगशान पार्क आहे. तिथे चिनी आईवडील मुलामुलींच्या लग्नासाठी कागद मांडून बसतात. वय, उंची, शिक्षण, पगार, बीजिंगचा रहिवासी म्हणून नोंदणी आहे का, फ्लॅट आहे का, सगळं कागदावर लिहिलेलं. मुलगा-मुलगी स्वतः बहुतेक नसतातच, त्यांना पत्ताही नसतो. अर्धा तास बाकावर बसलात तर भाषेचं अक्षर न येताही सगळं कळेल आणि चिनी माणूस गूढ असतो हा तुमचा लाडका समज हातचा जाईल. तिकडे फिरकू नका.

मग फॉर्बिडन सिटी. योंगल बादशहानं १४०६ ते १४२० या काळात हा राजवाडा बांधून घेतला. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे मिळून २४ बादशहा इथे नांदले. दक्षिणेच्या दारानं आत शिरायचं, उत्तरेच्या दारानं बाहेर पडायचं आणि मधला रस्ता नाकासमोर सरळ. ही रचना तुमच्या फार सोयीची आहे. टूर मॅनेजरच्या झेंड्यावर नजर ठेवून चालत राहिलात, तर तास-दीड तासात सहा शतकं उरकतात. प्रत्येक दालनाच्या दाराशी रेटारेटी असते आणि आत अंधार. सिंहासन बघायच्या भानगडीत पडू नका. हात वर करून मोबाइल आत खुपसा, काय आलं ते घरी बघू.

डावी-उजवीकडे वळायचा मोह मात्र आवरा. पूर्वेच्या बाजूला १० युआनचं वेगळं तिकीट काढून घड्याळांचं दालन बघता येतं. तिथे अठराव्या शतकात लंडनमध्ये बनलेलं एक घड्याळ आहे. त्यातला साहेबी कपड्यांतला बाहुला ब्रश हातात धरून आठ चिनी अक्षरं लिहितो. १० युआन म्हणजे शंभरावर रुपये, तेही एका बाहुल्यासाठी! बाओहे दालनामागे १६ मीटरहून लांब, दोनशे टनांहून जड असा एकसंध कोरीव दगड आहे. भर हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतायचं, त्याचा बर्फ होऊ द्यायचा आणि त्यावरून असले दगड ओढत आणायचे, अशी त्या लोकांची युक्ती. गाइड हे सांगत असतानाच टॉयलेट कुठे आहे ते विचारून घ्या, नंतर राहून जातं.

दालनांपुढे मोठाले सोनेरी रांजण दिसतील. आग लागली तर विझवायला पाणी साठवायचे. जवळून बघितलंत तर त्यांच्या अंगावर ओरखडे आहेत. १९०० साली आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा संगिनींनी हे सोनं खरवडून नेलं, असं तिथे सांगतात. ब्रिटिशांच्या तुकडीत त्या वेळी गोऱ्यांपेक्षा आपलेच शिपाई जास्त होते. त्यांतल्या सातव्या रजपूत पलटणीच्या गदाधर सिंह यांनी तर त्या शहराची आणि माणसांची दैना बघून आपल्याला काय वाटलं ते हिंदीत लिहून ठेवलं आहे. हे डोक्यात असलं की रांजणाला टेकून हसणं जड जातं. म्हणून फोटो आधी काढून घ्या.

उत्तरेच्या दाराबाहेर समोरच जिंगशानची टेकडी आहे, राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची. शेवटच्या मिंग बादशहानं १६४४ मध्ये इथेच गळफास घेतला. तिकीट २ युआन, चढण पंधरा-वीस मिनिटांची आणि वरून अख्खा राजवाडा पिवळ्या छपरांसकट पायाशी. ही टेकडी टूरच्या कार्यक्रमात बसत नाही, कारण वर कमिशन देणारं दुकान नाही. त्याऐवजी बस तुम्हाला जेडच्या कारखान्यात नेईल, मग रेशमाच्या, मग मोत्यांच्या. अधूनमधून एखादे पांढऱ्या कोटातले वैद्य गरम पाण्यात पाय बुडवायला लावतील आणि नाडी बघून तुमचं यकृत बिघडल्याचं सांगतील. त्यावर त्यांच्याकडे औषध असतं. पुण्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की तुम्ही दुसऱ्याचं मत घेता. इथे मात्र लगेच कार्ड काढा.

ग्रेट वॉलसाठी बादालिंगचाच हट्ट धरा. १९५७ मध्ये डागडुजी करून हा भाग लोकांना खुला झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना इथेच आणलं होतं. पाहुण्यांना कुठे उभं करायचं हे तिथल्या लोकांना तेव्हापासून पाठ आहे. भिंतीच्या मुतियान्यू या दुसऱ्या भागात गर्दी कमी, आजूबाजूला दाट झाडी, शिवाय उतरताना लहानशा गाडीत बसून घसरगुंडीवरून भुर्रकन खाली येता येतं. आपल्या वयाला शोभत नाही, त्यामुळे नकोच. बांधकामाच्या चुन्यात मिंग काळातल्या गवंड्यांनी चिकट तांदळाची पेज घातली होती आणि म्हणून ती भिंत इतकी टिकली, असलं काही कुणी सांगू लागलं तर ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ म्हणून विषय संपवा. भिंतीवर पोचला नाही तो मर्द नव्हे, अशा अर्थाची माओची ओळ बादालिंगला दगडावर कोरलेली आहे. केबल कारनं वर जा आणि तिच्याशेजारी छाती काढून फोटो घ्या.

वर गेल्यावर दोन वाक्यं मोठ्यांदा म्हणायची असतात. पहिलं, ‘ही चंद्रावरून दिसते.’ चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये परत आला आणि मला भिंत दिसली नाही म्हणाला. तेही पृथ्वीजवळच्या कक्षेतून. पण तो पडला चिनी, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा? दुसरं वाक्य, ‘आमच्या सिंहगडाची सर नाही.’ सिंहगडावर गाडीनं जाऊन, भजी खाऊन, गाडीनंच परत येणाऱ्यानं हे म्हटलं तर अधिक खुलतं.

वांगफुजिंगच्या रस्त्यावर दोन हसऱ्या मुली येऊन ‘आम्हाला इंग्रजीचा सराव करायचाय’ म्हणाल्या, तर जरूर जा. त्या चहाच्या दुकानात नेतील. चिमुकल्या कपांतून पाच-सहा प्रकारचे चहा येतील आणि मग बिल येईल. त्यावरची शून्यं मोजताना तुम्हाला लक्षात येईल की मघाशी जेवणानंतरच्या वेटरच्या वागण्यावरून तुम्ही उगाच चिडला होतात. तो तर टिपसुद्धा मागत नव्हता. बीजिंगमध्ये टिपची पद्धतच नाही. फसलात ते मात्र ग्रुपमध्ये सांगू नका, दुसऱ्या दिवशी इतरांनाही त्याच रस्त्यावर जाऊ द्या.

पहाटे हॉटेलबाहेर कोपऱ्यावर एखादी बाई मुगाचं पीठ तव्यावर पातळ पसरून, त्यावर कांद्याची पात आणि कोथिंबीर भुरभुरत असते. त्याला जिएनबिंग म्हणतात. वर अंडं फोडते, पण नको म्हणून हातानं खूण केली तर बहुधा कळतं. बघायला थांबू नका. ओळखीचं वाटेल, पोटात भूक उठेल आणि बॅगेतले ठेपले तसेच राहतील.

युआनमिंगयुआनचे भग्न अवशेषही कार्यक्रमात नसतात, बरंच आहे. १८६० मध्ये लॉर्ड एल्गिनच्या हुकमानं ती राजाची बाग जाळली. दोन वर्षांत हाच गृहस्थ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आपल्याकडे आला आणि १८६३ मध्ये धरमशालेला मेला. कबरही तिथेच आहे. सुट्टीवर असताना माणसानं असले धागे जुळवत बसू नये.

आणि सगळ्यात कटाक्षानं टाळायची जागा बीजिंगबाहेर, शिजियाझुआंगला आहे. बुलेट ट्रेननं दीड तासाच्या आत. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. सोलापूरचा माणूस. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. चिनी लोक अजून फुलं ठेवतात. यात अर्धा दिवस जातो, केबल कार नाही, दुकान नाही. बीजिंगमध्ये एखाद्या म्हाताऱ्यानं तुम्ही ‘यिंदू’चे, म्हणजे भारतातले, असं कळल्यावर ‘के दिहुआ, के दिहुआ’ म्हणत तुमचा हात धरला, तर ते कोटणीसांचं चिनी नाव आहे. तुम्ही ते आमीर खानबद्दल काहीतरी असेल असं समजून ‘येस, येस’ म्हणा आणि हात सोडवून घ्या. बस सुटायची वेळ झालेली असते.

परत आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात ‘चीन : एक दर्शन’ हे भाषण ठेवतीलच. रस्ते रुंद, स्वच्छता वाखाणण्यासारखी, पण माणसं यंत्रासारखी, हे तीन मुद्दे पुरतात. माणसं कुठे भेटली, असं कुणी विचारत नाही. जेडच्या कारखान्याशेजारून घेतलेले ग्रीन टीचे डबे शेजारीपाजारी वाटून टाका. त्यांनी तो आलं, साखर आणि म्हशीचं दूध घालून खळाखळा उकळला आणि ‘यात काही विशेष नाही बुवा’ म्हणाले, तर मान डोलवा आणि व्हिएतनामच्या टूरचं माहितीपत्रक पुढे करा, पहिल्या दहा जणांना सवलत आहे.