मेलाटोनिनच्या गोळीने कर्करोग होतो, या दाव्याचा प्रतिवाद

"झोपेसाठी मेलाटोनिन घेणाऱ्यांना कर्करोग होतो, जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले आहे, उंदरांवर ते सिद्ध झाले आहे आणि शेवटी ते हार्मोनच आहे," असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. मेलाटोनिन म्हणजे रात्री अंधारात शरीरात तयार होणारे, झोपेशी निगडित हार्मोन, म्हणजेच संप्रेरक; तेच गोळीच्या रूपातही मिळते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना तो अधिकच धास्तावणारा आहे, म्हणून त्यातील मुद्दे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा तर चक्क उलटा मांडला आहे. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले ते रात्रपाळीच्या कामाला, गोळीला नव्हे. २०१९ च्या फेरविचारातही तेच वर्गीकरण कायम राहिले. रात्रीच्या उजेडामुळे शरीरातील मेलाटोनिन घटते, हे त्यामागच्या संभाव्य कारणांपैकी एक मानले जाते.

उंदरांचा मुद्दा निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. २००१ मध्ये रशियन संशोधकांनी एका विशिष्ट वाणाच्या माद्यांना पाण्यातून मेलाटोनिन दिले, तेव्हा त्यांच्यात गाठींचे प्रमाण वाढले. मात्र त्याच माद्या अधिक काळ जगल्याही, आणि हा अर्धा निष्कर्ष संदेशातून सोयीस्करपणे गळला आहे. शिवाय इतर अनेक प्रयोगांत मेलाटोनिनने गाठींची वाढ मंदावल्याचे दिसले आहे. माणसांविषयी ठामपणे बोलायचे तर पुरावा कसा लागतो, हे मराठवाड्याला शिकवावे लागू नये: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना गटांत विभागून आठ वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा कुठे २००९ मध्ये, एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे म्हणता आले. मेलाटोनिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांवर अशी चाचणी झालेली नाही; म्हणून 'सिद्ध झाले' हा शब्दप्रयोग खोटा ठरतो, आणि 'पूर्ण निर्धोक' म्हणणेही तितकेच घाईचे होते.

हार्मोन म्हणजे घातक, हे समीकरणही टिकत नाही. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या काही संप्रेरकांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे खरे. पण प्रत्येक संप्रेरकाचे कार्य निराळे असते.

याच्या विरुद्ध टोकाचा, मेलाटोनिनने कर्करोग बरा होतो असा दावाही ऐकू येतो. कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ७०९ रुग्णांवर चाचणी झाली; निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि उरलेल्यांना नकली गोळी देण्यात आली, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

माझ्या मते खरी काळजी निराळीच आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ चघळगोळ्या तपासल्या असता २२ मधील मात्रा वेष्टनावरील आकड्याशी जुळली नाही. एकीत तर मेलाटोनिन मुळी नव्हतेच. शिवाय वॉरफरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. म्हणून असे औषध चालू असलेल्यांनी आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी ही गोळी दुकानातून परस्पर न घेता आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.