जयनी कसाले?

आज सकाळी माझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानातलं पोरगं काम सोडून गेलं. जाताना म्हणे, "भाऊ, या कामात मला काही अर्थ वाटत नाही." नऊ महिने होतं. हाताला सफाई होती, तीन एचपीचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा कॉइली बसवलेला न फिरणारा भाग, एका दिवसात नव्या तारेने भरायचं. आता पुण्याला मित्राच्या रूमवर राहून 'स्वतःला शोधणार' आहे. शोध बाबा. सापडलास तर कळव.

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. हल्ली ज्याला त्याला अर्थपूर्ण काम पाहिजे, आणि ते चाळीसगावात नसतं एवढं सगळ्यांना पक्कं माहीत. मोबाइलवर कोट घातलेला कुणीतरी सांगतो, आवड शोधा, नोकरीला लाथ मारा. त्याचं स्वतःचं काम काय? हेच सांगणं.

मी १९९८ ला आप्पांच्या हाताखाली लागलो. दहावीत गणिताने दगा दिलेला, आवडबिवड काही नव्हती. जळालेली मोटार आली की आम्ही पोरं लगेच छिन्नी-हातोडी घेऊन जुनी तार तोडायला बसायचो. आप्पा मनगट धरायचे. "वाइंडिंग ते कोनबी भरी. पहिले सांग, जयनी कसाले?" आप्पांची अहिराणी; म्हणजे, जळाली कशाने?

माले काय माहीत!

मग स्टेटर दुकानाबाहेर उन्हात न्यायचे. सगळ्या कॉइली सारख्या काळ्या असतील तर लोड जास्त, नाहीतर व्होल्टेज कमी. फेज म्हणजे मोटारीला येणाऱ्या विजेच्या तीन तारा. स्टार जोडणीच्या मोटारीत (तिन्ही फेजच्या कॉइलींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन फेजच्या काळ्या आणि तिसरीच्या जशाच्या तशा तांबूस, म्हणजे एक फेज गायब होता. आणि एकाच स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचेत, डाग असला की आप्पा आमच्याकडे बघायचे. तिथे इन्सुलेशन फाटलेलं, म्हणजे चूक बहुतेक भरणाऱ्याची. पंचनामाच व्हायचा.

पाटणादेवीच्या रस्त्यावरचा एक शेतकरी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तीच मोटार घेऊन आला. विहीरच बाधली असं त्याच्या घरात ठरलेलं. आप्पांनी मला एम-एटीवर मागे बसवलं आणि थेट शेतात. स्टार्टर उघडला तर आत काळ्या मुंग्या. एका कॉन्टॅक्टमध्ये चिरडून थर जमलेला, तो फेज पुढे जातच नव्हता. वर ओव्हरलोड (लोड वाढला की मोटार बंद करणारा रिले) कटवून डायरेक्ट केलेला, म्हणून ट्रिप व्हायचाही प्रश्न नाही. आप्पांनी कॉन्टॅक्ट घासले, ओव्हरलोड परत जोडला, पेटीत दोन डांबरगोळ्या टाकल्या. झालं. पैसे? चहा. मी येताना म्हटलं, आप्पा, आपलं गिऱ्हाईक तुम्हीच तोडलं. ते नुसते हसले. पुढच्या हंगामात त्या शिवारातल्या सगळ्या मोटारी आमच्याकडे.

त्या दिवसापासून मला हे काम आवडायला लागलं. आधी नाही.

बरं, पोट आधी, हे मान्य. दिवसभर एकच नट आवळणाऱ्याला मी 'कुतूहल ठेव' म्हणालो तर तो तोच पाना मला मारेल. मान्य. पण आमचं काम तसं नाही ना! रोज नवी मोटार, रोज नवा घोळ.

आणि जग फिरल्याशिवाय काही सापडत नाही म्हणणाऱ्यांनी स्टेशनजवळचा केकी मूस यांचा बंगला बघावा. माणूस इंग्लंडहून फोटोग्राफी शिकून आला आणि १९८९ ला जाईपर्यंत त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायचा, उजेड असा पाडायचा की फोटोत अख्खं दृश्य उभं राहायचं. (हो, बंगला होता, लाइटबिलाची काळजी नव्हती. कळतं मला.) पण एवढ्या वर्षांत त्यांना टेबलाचा कंटाळा आला नाही, आणि आमच्या पोराला नऊ महिन्यांत स्टेटरचा आला.

इथपर्यंत लिहिलं आणि जरा गार पडलो.

कारण त्या पोराला मी नऊ महिन्यांत एकदा तरी विचारलं का, जयनी कसाले? नाही विचारलं. कांद्याच्या दिवसांत मोटारींची रांग, मी काउंटरवर फोन धरून, "भर आणि दे, गिऱ्हाईक थांबलंय." त्याला मी उन्हात कधी नेलंच नाही. आप्पा असते तर मनगट माझंच धरलं असतं.

कोपऱ्यात बहाळची एक मोटार पडली आहे. महिन्यात दुसऱ्यांदा आलेली. मागच्या वेळी पोराने भरली, पैसे मी घेतले. परवा ती बघून मी त्याच्यावरच ओरडलो होतो, कशी भरलीस म्हणून. आत्ता अर्धं शटर पाडून बॅटरीच्या उजेडात उघडली. दोन फेजच्या काळ्या, तिसरीच्या तांबूस.

त्याने चांगलीच भरली होती.

फोटो काढून पोराला पाठवला, खाली आप्पांचे दोनच शब्द लिहिले. त्याने पाहिलंय, उत्तर नाही. उद्या सकाळी बहाळला जातो. किराणा बंद व्हायच्या आत डांबरगोळ्या आणल्या पाहिजेत.