ओळखीचा आहे, पण परवाना कुठला?

परदेशी जायच्या कागदांसाठी माणूस शोधताना आपण बडोद्याचे मराठी लोक पहिला प्रश्न विचारतो, ‘कुणाच्या ओळखीचा आहे?’ दांडिया बाजारातल्या मावशींच्या मुलाचं काम त्याने केलं, गणपतीला वर्गणीही देतो. बस्स, पासपोर्ट त्याच्या टेबलावर. माझं म्हणणं, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, परवाना कोणत्या देशाचा आणि नंबर काय.

कॅनडाचंच घ्या, घरोघरी सध्या तेच चाललंय. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन सल्ला देण्याचा, अर्ज चालवण्याचा हक्क आहे तो तिथल्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, वकील आणि पॅरालीगलांना (मर्यादित कायदेशीर कामाचा परवाना असलेल्यांना), क्यूबेक प्रांताच्या नोटरींना आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’च्या सभासदांना. हे कॉलेज शिकायचं नव्हे, २०२१ पासून काम करणारी नियामक संस्था आहे. तिच्या परवानाधारक सल्लागाराला आरसीआयसी म्हणतात. आपल्या बार कौन्सिलची सनद इथे कामाची नाही, भिंतीवर कितीही मोठी फ्रेम असो.

भाचीबरोबर अलकापुरीतल्या एका ऑफिसात गेले होते. नाव लिहीत नाही. साहेब म्हणाले, ‘बेन, टेन्शन ना लो, अमारा वकील टोरोंटोमां बेसे छे.’ मी वकिलाचं नाव विचारलं. त्यांनी चहा मागवला. पुन्हा विचारलं तर म्हणे, कंपनीची पॉलिसी आहे, आधी फी भरा. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

नाव मिळालं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. कॉलेजची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. त्यात नाव शोधायचं, परवाना चालू आहे की निलंबित ते बघायचं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून मात्र नाही, स्वतः साइट उघडून. आणि दुसऱ्याचा नंबर स्वतःच्या कार्डावर छापणारे महाभाग असतातच, म्हणून यादीतल्याच फोनवर खात्री करायची.

खरा धोका त्यापुढचा आहे. प्रतिनिधी नेमला असेल तर आयएमएम ५४७६ फॉर्मवर त्याचं नाव आणि सभासद क्रमांक लागतो. बिनपरवान्याचा माणूस हा फॉर्म भरतच नाही. अर्ज तुम्ही स्वतः केल्यासारखा दाखवतो, खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. तिकडे यांना घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. तुमच्या नावावर आत काय लिहिलंय, हे तुम्हालाच माहीत नसतं. खोटं निघालं तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर, याच्यावर नाही. २०२३ साली बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण गाजलं, त्यातल्या कित्येक मुलांना आपलं पत्र खोटं होतं हे कॅनडात पोचून शिकून झाल्यावर कळलं. त्या डिसेंबरपासून कॅनडा सरकार प्रत्येक पत्र थेट ते देणाऱ्या शिक्षणसंस्थेकडून पडताळून घेतं.

इतर देशांचंही थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाला नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा सात आकडी नंबर असतो, किंवा तिथला वकील लागतो. ब्रिटनमध्ये सॉलिसिटर, नाहीतर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार. अमेरिकेत ‘कन्सल्टंट’ नावाचा परवानाच नाही. कुठल्याही एका राज्याच्या बारचा वकील चालतो, कारण हा कायदा केंद्राचा आहे, नाहीतर सरकारने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेचा प्रतिनिधी. दोघांनाही जी-२८ या प्रतिनिधी असल्याच्या फॉर्मवर सही करावी लागते.

आता वकील लागतोच का? मार्कशीट, बँकेचे कागद सरळ असतील तर स्टुडंट व्हिसाचा अर्ज मूल स्वतः भरू शकतं, सरकारची कुठलीच सक्ती नाही. भाचीने तेच केलं. गरज पडते ती नकार आल्यावर. कॅनडाच्या फेडरल कोर्टात नकाराविरुद्ध दाद मागायला प्रतिनिधी नेमायचा तर वकीलच हवा, आरसीआयसीला तिथे उभं राहता येत नाही. कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची. आपल्याकडे मात्र नकाराचं पत्र आलं की कन्सल्टंट म्हणतो, ‘परत फाइल टाकू,’ नवी फी घेतो, आणि कोर्टाची वाट होती हे घरच्यांना मुदत संपल्यावर कळतं.