हाड धरतंय

माझी खालची दाढ गेली आणि तिच्या जागी डॉक्टरांनी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू पिळला. भूल दिली होती, दुखलं नाही. खरा छळ पुढे होता, कारण मला काहीच करायचं नव्हतं. ‘‘तीन महिने थांबा, हाड धरू दे.’’

थांबायला मी तयार होतो, पण जिभेला कोण सांगणार? तिची त्या जागी दिवसभर चौकशी चालू.

तिसऱ्या आठवड्यात टाके निघालेले, सूज उतरलेली, मी खुशीत. नेमकं तेव्हाच कळलं, की हाच नाजूक काळ! स्क्रूला आवळून धरणारं हाड शरीर आधी थोडं कुरतडतं आणि मग तिथे नवं भरतं. मधल्या काळात पकड सैल पडते. जुना पहारेकरी सुटलाय, नवा अजून यायचाय, आणि हे सगळं माझ्या तोंडात. त्या दिवसापासून मी शिंकतानाही गाल हाताने धरू लागलो.

या सगळ्याच्या मुळाशी स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क. 1952च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहायला त्यांनी टायटॅनियमचं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाडाने ते धरून ठेवलेलं. मी असतो तर सशावर खेकसलो असतो. त्यांनी 1965मध्ये याच हट्टाच्या जोरावर माणसाला दात बसवले.

हिरडीचं मात्र तळ्यात-मळ्यात. खऱ्या दाताच्या मुळात तिचे धागे थेट रुतलेले असतात. स्क्रूभोवती ते नुसते गोल फिरतात, आत शिरत नाहीत. शर्टाच्या बाहीचा कफ मनगटाला धरतो, तेवढंच. त्या फटीत जंतू घुसले तर खालचं हाडही झिजतं. म्हणून मी रोज रात्री आरशासमोर जबडा वासून, बाटली धुवायच्या ब्रशच्या नातवंडाने तिथे झाडलोट करतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी आरशाच्या दांड्याने स्क्रूवर टकटक केली. टण्ण! एवढा स्वच्छ आवाज माझ्या तोंडातून यापूर्वी कधी निघाला नव्हता. ‘‘धरलंय,’’ ते म्हणाले. मग वर दात बसला, चावा कुठे जास्त लागतो ते बघायला निळा कागद चावून झाला, डॉक्टरांनी दात तिथे घासून कमी केला, कागद पुन्हा चावला. खऱ्या दाताखाली तंतूंची गादी असते. चावताना तो किंचित दबतो आणि मेंदूला खबर देतो. याला गादीच नाही.

घरी बायकोने विचारलं, ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘काहीच वाटत नाही.’’

‘‘अहो, मग परत जाऊन दाखवून या ना!’’